परल्हादची चिकटपट्टी

आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला परल्हाद चिकटपट्टीचं एक रीळ घेऊन आला. आहेर म्हणून नव्हे, वापरायला.

पहिली पंगत बसली होती. परल्हादनं जेवायला बसायच्या आधी हॉलच्या भिंतीवरून तळहात फिरवला, डोळे बारीक केले, खिशातून रीळ काढलं आणि वीतभर पट्टी फाडून भिंतीवर चिकटवली. अंगठ्याच्या नखानं ती नीट घासली. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. पट्टी चिकटवल्यापासून दीड मिनिटाच्या आत ओढायची असते. त्यानंतर ओढली तर त्या चाचणीला काही अर्थ राहत नाही. हे त्यानं मला नंतर निदान पन्नास वेळा सांगितलं आहे. त्या दिवशी त्यानं काहीच सांगितलं नाही. घड्याळात बघितलं आणि खस्सकन ओढली.

तळहाताएवढा बदामी रंग पट्टीबरोबर आला. परल्हादनं तो खिडकीच्या उजेडात धरला, पंगतीला दाखवला आणि मला म्हणाला, "थर बसला न्हाई, मास्तर. नुसता चिकटला व्हता."

रंगारी पंगतीतच होता. त्याची जिलबी हातातच राहिली. त्या जागी मी दुसऱ्या दिवशी खिळा ठोकून कॅलेंडर लावलं. रंग नेमका कमरेइतक्या उंचीवर निघाला होता, त्यामुळे आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना वाकून तारीख बघावी लागायची. कॅलेंडर इतकं खाली का, असं कुणी विचारलं की मी नातवंडांचं नाव सांगायचो. मला नातवंडं नाहीत.

परल्हाद आणि मी तलवाड्याचे. एका शाळेत, एका बाकावर. दहावीला मला त्याच्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं कुणी विचारणार नाही. मी बीएस्सी, एमएस्सी केलं आणि बीडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. तो पॉलिटेक्निकला गेला आणि तिथून गुजरातेतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत लागला. मी एकतीस वर्षं फळ्यावर सूर्य काढला, नाव दिलं, पुसला. तो तितकी वर्षं सूर्याच्या भांड्याला आतून लेप देत होता.

त्याचं काम थोडक्यात असं. सूर्याच्या पोटात जे चालतं, तेच जमिनीवर एका पोलादी भांड्यात चालवून वीज काढायची, असा हा उद्योग आहे. अजून कुणाला धड जमलेला नाही. आत आच अशी, की भांड्याच्या आतल्या भिंतीचे हाल होतात. आतला वायू पोलादात मुरतो आणि त्याला भुसभुशीत करतो. म्हणून पोलादावर चिनी मातीच्या जातीचा एक थर द्यायचा. जाडी कागदाइतकी. पावडर ज्वाळेत वितळवायची आणि फवारायची. परल्हाद ती फवारायचा. तो तंत्रज्ञ होता, शास्त्रज्ञ नव्हे. हे मी लोकांना आवर्जून सांगतो, पण बीडमध्ये कुणी ऐकून घेत नाही.

दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त होऊन बीडला आला आणि आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिला. महिनाभरात तो 'सूर्यवाले साहेब' झाला. रिक्षावाले त्याला दारापर्यंत सोडतात. मला कोपऱ्यावर उतरवतात. माझ्या हाताखालून गेलेले डॉक्टर, इंजिनिअर, क्लासवाले रस्त्यात भेटतात, मला नमस्कार करतात आणि विचारतात, "सर, साहेब तुमच्या ओळखीचे आहेत म्हणे. एकदा गाठ घालून द्याल का?" हे ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. औषध घ्यावं असं ते दुखणं नाही. मला त्याचं नाव माहीत आहे.

चिकटपट्टी त्याच्या खिशात कायम असते. एसटीच्या दाराला, विजेच्या खांबाला, बँकेच्या काउंटरला, दिसेल त्या रंगाला तो ती लावून बघतो. एका पुढाऱ्यानं बांधलेल्या मंगल कार्यालयाच्या उद्घाटनाला त्यानं भाषण चालू असताना खांबाला पट्टी लावली. पुढारी बोलायचे थांबले. सगळा मांडव दीड मिनिट खांबाकडे बघत बसला. पट्टी कोरी निघाली तेव्हा टाळ्या पडल्या, आणि तेवढ्या त्या कार्यक्रमात मनापासून पडलेल्या होत्या. तेव्हापासून गावातले ठेकेदार तो लांबून दिसला तरी चहा सांगतात.

माणसांनाही तो हेच माप लावतो. कुणी नवीन नोकरीला लागला, कुणाची सून घरात आली, कुणी पक्ष बदलला, की याचा एकच प्रश्न, "बसलाय का नुसता चिकटलाय?" लोक हसतात, आणि मग घरी जाऊन विचार करत बसतात.

माझ्या पुतणीला चौसाळ्याचं स्थळ आलं, तेव्हा हा आगंतुकासारखा बैठकीत येऊन बसला. शिक्षण, शेती, पगार सगळं विचारून झालं होतं. यानं मुलाला विचारलं, "राग आल्यावर तुमी किती फुगता?" मुलगा बापाकडे बघायला लागला. मग यानं माझ्या पुतणीलाही तेच विचारलं आणि बैठकीला समजावून सांगितलं, की लोखंड अन् लेप, दोघांचं फुगणं सारखं पाहिजे. एक तापून फुगलं अन् दुसरं जागेवरच बसलं, की थर सुटलाच म्हणून समजा. मुलाचा बाप हे ऐकून बराच वेळ आपल्या बायकोकडे बघत होता. लग्न झालं. दोघं सुखात आहेत. पुतणी सांगत सुटली आहे, की परल्हादकाकांनी विचारल्यावर आमची दोघांची नजरानजर झाली आणि आम्हाला एकदमच हसू आलं. लग्नात परल्हाद पहिल्या रांगेत फेटा बांधून बसला होता. सख्खा चुलता, म्हणजे मी, आहेराच्या पिशव्या सांभाळत होतो.

गंमत म्हणजे या गृहस्थाचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. आईनं तीनदा मुलगी बघायला बोलावलं, तिन्ही वेळा याची भट्टी चालू होती. चौथ्यांदा बोलवायला आई राहिली नाही.

घरातही मला सुख नाही. परल्हाद रोज चार वाजता आमच्याकडे चहाला येतो. आमची सौभाग्यवती, म्हणजे सुमन, त्याच्यासाठी वेगळा आल्याचा चहा करते. एके दिवशी त्यानं तिच्या न चिकटणाऱ्या तव्याला पट्टी लावली, काळी भुकटी काढून दाखवली आणि म्हणाला, "वहिनी, हे सगळं पोटात जायलंय." त्या दिवसापासून घरात बिडाचा तवा आहे. मी वर्षभर तेच सांगत होतो, पण मी पट्टी लावून सांगत नव्हतो. "भाऊजींनी बघा कसं हातानं काम केलंय," सुमन म्हणाली. "तुम्ही इतकी वर्षं काय शिकवलंत?"

"नियम," मी म्हणालो.

"मग लागू कुठं केले?" तिनं विचारलं. याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

तलवाड्याच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा प्रमुख पाहुणा गेली बावीस वर्षं मीच असे. यंदा निमंत्रण आलं, त्यात प्रमुख पाहुणा परल्हाद आणि मी 'प्रमुख उपस्थिती'. प्रमुख उपस्थिती म्हणजे काय, हे ज्यांना ती मिळाली आहे त्यांना माहीत आहे. परल्हादचं भाषण झालं. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. माझी पाळी आली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "विद्यार्थी मित्रांनो, हे सगळं ऐकायला फार मोठं वाटतं. पण मुळात काय आहे? भांड्याला कल्हई करतात ना, तसं. कल्हईच ती."

मला वाटलं होतं, फुग्याला टाचणी लागेल. परल्हाद खुर्चीवरून उठला, माझ्या हातातला माईक घेतला आणि म्हणाला, "पोरांनो, मी पाऊण तास बोललो ते मास्तरनं एका शब्दात सांगितलं. कल्हईच. असा मास्तर तुमाला मिळू दे." शाळा दणाणून गेली. टाळ्या माझ्यासाठी होत्या आणि तरी त्याच्याच होत्या.

त्या दिवशी मी ठरवलं, की याचं काहीतरी चुकतं आहे आणि ते मी शोधून काढीन.

मी अभ्यासाला लागलो. क्लासेसच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून इंटरनेटवरचे लेख छापून आणले. साठी उलटल्यावर मी लाल पेन घेऊन लेप, पोलाद, उष्णता, भेगा असल्या विषयांचे कागद वाचत बसू लागलो. सुमनला वाटलं, मी डॉक्टरेट करतोय. आणि एक दिवस मला चूक सापडली. चार वाजता परल्हाद आल्याबरोबर मी ती त्याच्यापुढं ठेवली. "पोलाद तापलं की जास्त फुगतं. तुझी चिनी माती कमी फुगते. माझ्या पुतणीच्या बैठकीत तूच सांगितलंस, फुगणं सारखं पाहिजे. मग तुझा थर सुटणारच."

परल्हादनं कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, सापडला. पण त्याच्या चेहऱ्यावर जे पसरत होतं, तो सापडलेल्या माणसाचा भाव नव्हता.

"मास्तर," तो म्हणाला, "दीड वर्षात हे मला कुणीच विचारलं न्हाई बघ."

मग त्यानं मला ते सांगितलं, जे तो भाषणात कधी सांगत नसे. पोलाद आणि चिनी माती यांचं थेट जमत नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून मध्ये एक तिसरा थर द्यायचा. तो पोलादापेक्षा कमी आणि मातीपेक्षा जास्त फुगणारा. दोन्हीकडचं थोडं थोडं सोसणारा. बाहेरचा पांढरा थर सगळे देतात, त्याची कृती पुस्तकात आहे. मधल्या थराची कृती परल्हादची स्वतःची होती. आधी पोलाद किती खरवडायचं, किती तापवायचं, कुठल्या अंतरावरून फवारायचं, यात त्याची अकरा वर्षं गेली होती. निवृत्त व्हायच्या आठवड्यात त्यानं अशा थरांची एक पोलादी फरशी तयार केली आणि ती खऱ्या यंत्राच्या आत, भिंतीवर बसवली गेली. यंत्र दीड-पावणेदोन वर्षांनी उघडणार होतं. "आता कवाबी उघडतील," तो म्हणाला. "टिकला तर पुढच्या भिंतीला माझाच थर. सुटला तर अकरा वर्षं कचऱ्यात."

आणि जाता जाता त्यानं सांगितलं, की निकाल कळवायला त्यानं माझा नंबर आणि माझा मेल दिला आहे. त्याचा फोन बटणांचा. तसा त्यानं आधी टचस्क्रीनचा मोबाईल घेतला होता, पण पहिल्याच दिवशी त्याच्या काचेला पट्टी लावली. "अन् तू मास्तर हायस," तो म्हणाला. "निकाल सांगायची सवय तुला."

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले, ते माझं मला ठाऊक. परल्हाद रोज चारला यायचा. यायचा आणि विचारायचा नाही. फक्त टेबलावरच्या माझ्या फोनकडे बघून चहा प्यायचा. ते मला दिसत होतं. दिसत होतं आणि तरीही, फोन वाजला की माझ्या मनात पहिला शब्द यायचा तो 'सुटू दे'. देवापुढं हात जोडून मी असं कधी म्हणालो नाही. तेवढी लाज होती. पण देवाला न जोडलेले हातही दिसत असणार.

मेल आला तो दुपारी तीनला. संस्थेत परल्हादच्या जागी आलेल्या विभा नावाच्या मुलीनं पाठवला होता. दोन पानं आणि फोटो. फोटोत पांढऱ्या फरशीचे दोन कोपरे उडालेले होते. पहिल्या पानाची शेवटची ओळ होती, थर सुटला आहे.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. इतका आनंद मला पेन्शन मंजूर झाली तेव्हाही झाला नव्हता. मी सुमनला हाक मारली आणि चहा टाक म्हणालो, साखर घालून. पहिल्या रांगेतला फेटा, शाळेतला माईक, आल्याचा चहा, सगळं मनातल्या मनात फिटलं.

पण एकतीस वर्षं मी पेपर तपासले आहेत. पान उलटल्याशिवाय मार्क देता येत नाहीत. मी दुसरं पान वाचलं.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की सुटला तो बाहेरचा पांढरा थर. पुस्तकातल्या कृतीचा. मधला थर पोलादाला जसाच्या तसा होता. तो किती घट्ट आहे हे बघायला त्यांनी त्याच्यावर एक खुंटी डिंकानं चिकटवली आणि ती यंत्रानं ओढली. डिंक तुटला, थर सुटला नाही. तीनदा ओढलं, तीनदा डिंकच तुटला. पुढच्या फरशीला मधला थर हाच ठेवणार होते.

म्हणजे लेकाचा हरूनही जिंकला होता. चहा आला, गोड होता, मला गेला नाही. सव्वातीन वाजले होते. चारला तो येणारच होता. पण मला बसवेना. मी चपला घातल्या आणि मागच्या गल्लीत गेलो. चालत चार मिनिटं. वाटेत माझ्या लक्षात आलं, की दीड वर्षात मी त्याच्या घरी एकदाही गेलो नव्हतो.

दार त्यानंच उघडलं. मला बघून तो क्षणभर दारातच उभा राहिला, मग घाईघाईनं खुर्चीवरचा टॉवेल उचलला. मी भिंतींकडे बघत होतो. चारही भिंतींना नुसतं सिमेंटचं प्लास्टर. रंग नावाला नाही. गावभर रंग तपासत फिरणारा हा माणूस.

"रंग कावून दिला न्हाई रे?" मी विचारलं. त्याच्याशी बोलताना माझी तलवाड्याची बोली आपोआप परत येते.

"कोण बघायलंय?" तो म्हणाला.

चहा टाकला त्यानं. मांडणीवर एकच कप होता, कानाला टवका गेलेला. दुसरा त्यानं ट्रंकेतून काढला. त्या कपाच्या बुडाला दुकानातली चिठ्ठी तशीच होती. दिसेल ते सोलून बघणाऱ्या परल्हादनं ती दीड वर्षात सोलली नव्हती. आता त्यानं नखानं ती काढली, कप दोनदा विसळला आणि चहा माझ्यापुढं ठेवला. मी फोन बाहेर काढला.

"सुटला," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. खिडकीबाहेर बघितलं. मग, वर्गात शेवटच्या बाकावरून विचारावं तसं हळू विचारलं, "कुठून?"

मी दुसरं पान वाचून दाखवलं. खुंटीच्या ओळीला आलो तेव्हा तो म्हणाला, परत वाच. मी परत वाचलं. डिंक तुटला, थर सुटला नाही. न सांगता तिसऱ्यांदाही वाचलं. परल्हाद गुडघ्यावर हात ठेवून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो ते पुसतही नव्हता.

"मास्तर, एक विचारू?" तो म्हणाला. "पयलं पान वाचून तुला बरं वाटलं का न्हाई?"

मी कपाकडे बघितलं. "वाटलं," मी म्हणालो. "लई बरं वाटलं."

"अन् मंग दुसरं बी वाचलंस."

"वाचलं."

"म्हणूनच तुझा नंबर दिल्ता बे." तो हसला. "सत्कार लई झाले. हार घालणाऱ्याला थर कशाचा ते बी ठाव न्हाई. तुझ्या पोटात दुखायलंय, म्हणून तू सगळं वाचतुस, लाल पेन घेऊन. माय असती तर तिनं विचारलं असतं. ती न्हाई. आता माझं काय चुकलं, काय बरोबर आलं, हे शेवटपर्यंत वाचणारं माणूस तुझ्याबिगर दुसरं कोण हाय मला?"

चहात साखर जास्त होती. मी तो सगळा प्यालो.

पुढच्या सोमवारी तो आमच्याकडे खरवडायचा पत्रा, पॉलिश पेपर आणि रंगाचा डबा घेऊन आला. कमरेइतक्या उंचीवरचं कॅलेंडर त्यानं उतरवलं आणि ती जागा दोन दिवस नुसती खरवडली. घरभर धूळ झाली. सुमन मागून झाडत राहिली. गुळगुळीतावर काईच बसत न्हाई, असं तो मधून मधून भिंतीला सांगत होता. मग एक मधला हात, तो वाळल्यावर बदामी रंग. गुरुवारी त्यानं खिशातून रीळ काढलं, वीतभर पट्टी फाडली, भिंतीवर लावली, नखानं घासली आणि घड्याळ बघितलं. पट्टीचं टोक त्यानं माझ्या हातात दिलं.

"वढ," तो म्हणाला.

मी टोक धरलं. परल्हाद घड्याळाकडे बघत होता. एक मिनिट झालं, सव्वा झालं, दीड झालं. मी टोक सोडलं आणि अंगठ्यानं परत भिंतीवर दाबलं.

"अजून ओला वाटतोय," मी म्हणालो. "राहू दे."

रंग खडखडीत वाळला होता. ते त्याला कळत होतं आणि दीड मिनिटाचा नियम तर त्यानंच मला शिकवला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि रीळ खिशात टाकलं.

याला आता तीन महिने झाले. पट्टी तिथंच आहे. सुमन तिच्या कडेकडेनं पुसून घेते. चार वाजले की परल्हाद येतो, चप्पल काढायच्या आधी भिंतीकडे बघतो.

"वढली का?"

"आज नको," मी म्हणतो. "उद्या ये."